नांदूर मधमेश्वर: पक्षी वनखात्याचे, पाणी पाटबंधाऱ्याचे

नांदूर मधमेश्वरला थंडीत रोहित पक्षी उतरले की आपण पोराबाळांना घेऊन बघायला जातो. पण तिथला कारभार सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातात नेमके काय आहे, याचा विचार कधी केलाय का?

निफाड तालुक्यात गोदावरी-कादवेच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला, तो कालव्यांसाठी. पक्ष्यांचा तेव्हा कुणाच्या डोक्यात विचारही नव्हता. पुढे गाळ साचला, बेटे तयार झाली, उथळ पाण्यात खाद्य वाढले आणि थवे येऊ लागले. १९८६ साली अभयारण्य झाले. २०१९ साली रामसर करारात महाराष्ट्रातील पहिली पाणथळ जागा म्हणून त्याची नोंद झाली.

खरी गोम या गाळातच आहे. चांदोरी-सायखेड्याच्या शेतकऱ्याला विचारा, तो म्हणेल, "गाळ काढा, नाहीतर पूर आमच्या घरात येतो." २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधले पूर ही गावे विसरलेली नाहीत. त्यांचे चुकते असे कोण म्हणेल? पण सगळा गाळ उपसला तर चिखलात चोच घालून जगणारा पक्षी जाणार कुठे? कुठला गाळ काढायचा आणि कुठली बेटे ठेवायची, हे जागेवर उभे राहूनच ठरवावे लागेल. नुसत्या ठरावाने ते व्हायचे नाही.

पाण्याचेही तेच. आवर्तन सुटले की पातळी बदलते, आणि दरवाजाची किल्ली असते पाटबंधारे खात्याकडे. वरून शहराचे सांडपाणी आणि त्यावर पोसलेल्या पाणवेली येतात, तिथे वनखात्याचा हुकूम चालत नाही. हद्दीत शेतजमिनी आहेत, मासेमारीवर जगणारी घरे आहेत. शिवाय उसात बिबट्या निघाला की फोन पुन्हा वनखात्यालाच! चापडगावच्या काही तरुणांना पक्षी दाखवण्याचे काम मिळाले, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. पण ज्याच्या शेतात पाणी शिरते, त्याच्या पदरात काय?

तेव्हा सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनी एवढे करावे. पावसाळा सरल्यावर कालवा सल्लागार समितीत रब्बीची आवर्तने ठरतात. त्याआधी ग्रामसभा घेऊन पुराची पातळी, गाळाच्या जागा आणि पाणवेलींचा त्रास लिहून काढा. त्याची एक प्रत पाटबंधाऱ्याला द्या आणि दुसरी वनखात्याला.