क्ष मानण्यापूर्वी

समीकरणे भराभर सोडवणारे कितीतरी विद्यार्थी शाब्दिक उदाहरण दिसले की अडखळतात. वास्तविक समीकरण सोडवणे हे दोन-तीन ओळींचे काम. कठीण असते ते वाक्याचे समीकरण करणे. तेथे कस लागतो तो आधी वाचनाचा, मग गणिताचा.

या विद्येचे एक जुने पीठ गंगापूरपासून फार दूर नाही. गंगापूरच्या ईशान्येस यादवांची राजधानी देवगिरी. उत्तरेस कन्नडपुढचा औट्रम घाट उतरला की चाळीसगाव तालुक्यातील पाटण. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचे अध्यापन व्हावे म्हणून त्याने पाटणला मठ काढला. तेराव्या शतकाच्या आरंभीच्या तेथील शिलालेखात तशी नोंद आहे.

त्या ग्रंथांपैकी ‘लीलावती’ इ. स. ११५० मधील. त्यातले भुंग्यांचे उदाहरण आपल्या भाषेत असे सांगता येईल : एका थव्यातील पाचवा हिस्सा भुंगे कदंबावर गेले, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलांवर. या दोन हिश्श्यांतील फरकाच्या तिप्पट भुंगे कुड्यावर गेले. एकच भुंगा हवेत घिरट्या घालत राहिला. तर एकूण भुंगे किती?

एकूण भुंगे क्ष मानू. छेद १५ घेतला तर पहिले दोन हिस्से ३क्ष/१५ आणि ५क्ष/१५. त्यांतील फरक २क्ष/१५. त्याची तिप्पट ६क्ष/१५. तिन्ही मिळून १४क्ष/१५ झाले. उरलेला क्ष/१५ म्हणजे १ भुंगा. म्हणून क्ष = १५.

भास्कराचार्यांनी येथे ‘इष्टकर्म’ वापरले आहे. त्यात सोयीची कोणतीही संख्या धरावी. समजा ३० धरली. हिस्से ६, १० आणि १२. बेरीज २८, बाकी २. आपल्याला बाकी १ हवी, म्हणजे निम्मी. म्हणून उत्तरही ३० च्या निम्मे, १५.

आता वाचनातील पहिला सापळा पाहा. लासूर स्टेशनच्या बाजारात एका शेतकऱ्याने कांद्याच्या गोण्या आणल्या. सकाळी एकतृतीयांश विकल्या, दुपारी उरलेल्यांपैकी निम्म्या विकल्या आणि ८ शिल्लक राहिल्या. सकाळनंतर २क्ष/३ उरल्या, दुपारनंतर क्ष/३; म्हणून क्ष = २४. पण दुपारी ‘एकूण गोण्यांपैकी निम्म्या’ विकल्या असत्या, तर क्ष/३ + क्ष/२ = ५क्ष/६ विकल्या गेल्या आणि क्ष/६ = ८, म्हणजे क्ष = ४८! एका शब्दाने उत्तर दुप्पट झाले. म्हणून अपूर्णांक दिसला की लगेच विचारावे : हा हिस्सा कशाचा?

दुसरा सापळा अंकांचा. दशकस्थानचा अंक क्ष आणि एककस्थानचा य असेल, तर काही जण संख्या ‘क्षय’ अशी लिहितात. बीजगणितात त्याचा अर्थ क्ष गुणिले य असा होतो आणि गुणांचा मात्र खरोखरच क्षय होतो! ३६ मधील ३ ची किंमत ३० असते. म्हणून संख्या १०क्ष + य.

उदाहरणार्थ, दोन अंकी संख्येतील अंकांची बेरीज ९ आहे. अंकांची अदलाबदल केल्यास संख्या २७ ने वाढते. तर

(१०य + क्ष) − (१०क्ष + य) = २७

म्हणजे ९(य − क्ष) = २७, आणि य − क्ष = ३. बेरीज ९ असल्याने य = ६, क्ष = ३. संख्या ३६. पडताळा : ६३ − ३६ = २७.

स्थानिक किमतीच्या या साध्या गोष्टीतून केवढे शोध लागतात, हे देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी दाखवले. त्यांचा ६१७४ हा स्थिरांक जगभर ओळखला जातो. तीन अंकी संख्यांसाठी असाच स्थिरांक आहे ४९५. सर्व अंक सारखे नसलेली संख्या घ्या, उदाहरणार्थ ८३१. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा : ८३१ − १३८ = ६९३. पुढे ९६३ − ३६९ = ५९४. मग ९५४ − ४५९ = ४९५. यापुढे ४९५ च येत राहते.

असे का व्हावे? सर्वांत मोठा अंक अ, मधला ब, लहान क असेल, तर

(१००अ + १०ब + क) − (१००क + १०ब + अ) = ९९(अ − क).

मधला अंक गळूनच गेला! अ − क ही वजाबाकी १ ते ९ यांपैकीच असणार. म्हणजे पहिल्याच पायरीला फक्त नऊ संख्या शक्य आहेत. (९९ आल्यास ती ०९९ अशी लिहावी.) शेकडो संख्या तपासण्याऐवजी या नऊ तपासल्या की सिद्धता पूर्ण झाली. ते काम वहीत तुम्ही करा.

जाता जाता आणखी दोन उदाहरणे :

१. दोन अंकी संख्येतील अंकांची बेरीज ११ आहे. अंकांची अदलाबदल केल्यास ती ४५ ने वाढते. ती संख्या कोणती?

२. एका अपूर्णांकाचा छेद अंशापेक्षा ३ ने मोठा आहे. अंश व छेद दोन्हींत १ मिळवल्यास २/३ मिळतो. मूळ अपूर्णांक कोणता?

(उत्तरे : १. ३८, २. ५/८. आधी सोडवा, पडताळा घ्या, मगच ती पाहा.)