व्हॉलटाइल (सी भाषेतील)

सी या संगणक-भाषेतील एक राखीव शब्द. एखाद्या चलाचे मूल्य बाह्य उपकरणामुळे किंवा व्यत्ययामुळे (इंटरप्टमुळे) कंपायलरच्या नकळत बदलू शकते, हे या शब्दाने कंपायलरला कळविले जाते. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत रचलेल्या मूळ भाषेत तो नव्हता; १९८९ च्या अमेरिकन मानकाने तो प्रमाणित केला.

आज्ञावली जलद चालावी म्हणून कंपायलर निरर्थक वाटणारी वाचने गाळतो. रत्नागिरीनजीक कोकण रेल्वेच्या सु. ६४ मी. उंच पानवल पुलावर वायुवेगमापक बसविलेला आहे. तशा एखाद्या उपकरणाची आज्ञावली सी भाषेत लिहिली, असे समजू. वाटीचक्राच्या प्रत्येक स्पंदागणिक व्यत्यय घडून गणक एकाने वाढतो. मुख्य आज्ञावली तो ठराविक काळाने वाचते. तिच्या आवर्तनात गणक बदलताना दिसत नसल्यामुळे कंपायलर तो एकदाच वाचून तेच मूल्य पुनःपुन्हा वापरू शकतो. वादळ उठले तरी उपकरण वारा पडलेलाच दाखवील! गणक व्हॉलटाइल घोषित केल्यास प्रत्येक वाचन प्रत्यक्ष घडते आणि अशा चलांच्या वाचन-लेखनाचा परस्परक्रमही टिकतो.

मात्र ही हमी येथेच संपते. आठ बिटी प्रक्रियक सोळा बिटी गणक दोन तुकड्यांत वाचतो. गणकात २५५ असताना खालचा तुकडा वाचला गेला आणि तेवढ्यात स्पंद येऊन गणक २५६ झाला, तर जुना खालचा व नवा वरचा तुकडा जुळून ५११ हे मूल्य मिळते. व्हॉलटाइल हा दोष टाळीत नाही. वाचनापुरते व्यत्यय रोखून धरावे लागतात. मोठ्या प्रक्रियकावर तीच आज्ञावली निर्दोष चालते, म्हणून हा दोष सहसा यंत्र बदलल्यावरच उघडकीस येतो.

अनेक धाग्यांत (थ्रेड्समध्ये) माहितीची देवघेव करण्यासाठीही हा शब्द वापरला जातो, पण तो गैरसमज होय. जावा भाषेत याच शब्दाचा अर्थ अधिक व्यापक असल्याने तो बळावला असावा. सी भाषेत या कामासाठी २०११ च्या मानकाने अविभाज्य (ॲटॉमिक) प्रकार दिले आहेत. व्हॉलटाइल चलाचे ‘वाचन’ नेमके कशास म्हणावे, हेही मानकाने कंपायलरवर सोपविले आहे. शिवाय कंपायलरही चुकतात : २००८ मध्ये यूटा विद्यापीठातील संशोधकांनी तपासलेल्या तेराही कंपायलरांत व्हॉलटाइलच्या हाताळणीत दोष आढळले. म्हणून महत्त्वाच्या ठिकाणी निर्माण झालेले यंत्रभाषेतील आदेश तपासून पाहणे इष्ट ठरते.