जुन्या जिप्सीस मोठे टायर : हौस आणि हिशेब

चारी चाकांना जोर पुरविणारी जुनी डोंगरी मोटार ज्या घरीं आहे, त्या घरांत एक प्रश्न केव्हां ना केव्हां निघतोच : हिला मोठे टायर कां लावूं नयेत? बहुधा तरुण मंडळी हा प्रश्न काढतात आणि वडील मंडळी खर्चाकडे बोट दाखवून तो मिटवितात. आमच्या मतें दोन्ही पक्षांचें चुकतें. प्रश्न केवळ हौसेचा नाहीं, केवळ पैशाचाहि नाहीं; त्या गाडींत बसून घाट उतरणाऱ्या माणसांच्या जिवाचा तो आहे. म्हणून तो हिशेबानेंच सोडविला पाहिजे.

उदाहरणादाखल मारुती जिप्सी घेऊं. १९८५ सालीं आपल्याकडे आलेली ही गाडी आतां नवी मिळत नसली, तरी जुन्या जिप्सी पुष्कळांनीं जपून ठेवल्या आहेत. समजा, तिचे मूळ टायर २०५/७० आर १५ या मापाचे आहेत. यांतील २०५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्यें. ७० म्हणजे कडेची उंची रुंदीच्या शेंकडा ७०. आणि १५ हा रिमचा व्यास इंचांत. कडेची उंची साडेत्रेचाळीस अधिक शंभर मिलिमीटर, ती वरची व खालची मिळून २८७, रिमचे ३८१, एकूण व्यास ६६८ मिलिमीटर. हाच हिशेब २३५/७५ आर १५ या टायरचा केला, तर व्यास सुमारें ७३३ येतो. म्हणजे वाढ जवळजवळ शेंकडा दहा.

आधीं लाभ पाहूं. व्यास ६५ मिलिमीटर वाढला, तरी गाडी उचलली जाते ती त्याच्या निम्म्यानें, म्हणजे सुमारें सव्वा इंच. हा सव्वा इंच क्षुल्लक मानूं नये. पाटे उंच केल्यानें गाडीचा सांगाडा वर जातो. परंतु आंस व त्याच्या मध्यावरील डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून पूर्वीइतक्याच उंचीवर राहतो. दगडाला आधीं लागतो तो हाच गोळा, आणि त्याला वर नेण्याचा साधा उपाय मोठा टायर हाच होय.

आतां त्याची किंमत. चाक मोठें झालें कीं इंजिनाचा तोच जोर जमिनीवर कमी उमटतो. वरील उदाहरणांत सुमारें शेंकडा नऊ कमी. १,२९८ घनसेंटिमीटरच्या इंजिनास चढावर हें तत्काळ जाणवतें आणि एक गिअर खालीं यावें लागतें. वेगदर्शक कांटा ६० दाखवितो, तेव्हां गाडी ६६ च्या आसपास धांवत असते. याहून गंभीर बाब ब्रेकची. पायाचा दाब तोच राहिला, तरी मोठ्या चाकाच्या कडेशीं पोंचणारी रोधशक्ति त्याच प्रमाणांत घटते. शिवाय जड चाक थांबविण्यास अधिक श्रम पडतात. उतारावर गिअरनें मिळणारा रोधहि उणावतो. पावसाळ्यांत भरल्या गाडीनें कोंकणांत उतरणाऱ्या कुटुंबास या तिन्ही गोष्टी एकाच वळणावर भेटतात!

रिमचाहि विचार अवश्य करावा. रिमची रुंदी साडेपांच इंच असेल, तर २३५/७५ तिजवर चढवूं नये; त्यास निदान सहा इंच रुंदी लागते. २१५/७५ आर १५ हें माप मात्र साडेपांच इंची रिमवर योग्य बसतें. त्याचा व्यास सुमारें ७०३ मिलिमीटर, उंचीचा लाभ १८ मिलिमीटर, आणि जोराची घट शेंकडा पांच. कुटुंबाच्या गाडीस आम्ही हेंच माप सुचवूं. तरीहि सुकाणूं दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून व पाटे पुरते दाबून टायर कोठें घासत नाहीं ना, हें पाहून घ्यावें.

टायर चार नव्हे, पांच घ्यावे. सुटें चाक जुन्या मापाचें राहिलें आणि तें लावून चारी चाकांचा जोर चालू केला, तर लहानमोठ्या चाकांची ओढाताण दंतचक्रांवर येते. खरेदी करतांना कडेवरील चार आंकडे वाचावे : २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. भारक्षमतेचा आंकडाहि मूळ टायरपेक्षां कमी नसावा. आणि या सर्वांच्या आधीं ब्रेक, चाकांचीं बेअरिंगें व सुकाणूंचे सांधे तपासून दुरुस्त करावे. ढिल्या सांध्यांवर जड चाक बसविणें म्हणजे दुखण्यास निमंत्रण.

कायद्याचीहि बाजू आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम गाडीच्या मूळ तपशिलांत फेरफार करण्यास मर्यादा घालतें, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें या कलमाचा अर्थ कडकपणें लावला. तेव्हां माप बदलण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत व विमा कंपनीकडे विचारणा करावी. अपघातानंतर हा प्रश्न निघणें कोणासच परवडणारें नाहीं.

हौसेस आमचा विरोध नाहीं. मात्र गाडी किती चढते एवढेंच पाहून टायर निवडूं नये. भर पावसांत, घरचीं माणसें घेऊन ती कशी उतरते, तें आधीं पाहावें.