कैद्याचा दुष्ट कसा झाला?

सर्जिओ लिओनेचा १९६६चा गाजलेला वेस्टर्न आपण ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ म्हणून ओळखतो. मूळ इटालियन नावात यातल्या ‘बॅड’साठी शब्द आहे ‘कात्तीव्हो’. त्याचा लॅटिन पूर्वज ‘काप्तीवुस’, म्हणजे युद्धकैदी. गंमत अशी, की सिनेमातल्या कैद्यांच्या छावणीत उरलेले दोघे बंदिवान असतात आणि हा कात्तीव्हो तिथला सार्जंट!

लॅटिनमध्ये ‘कापेरे’ म्हणजे पकडणं. पकडला गेला तो काप्तीवुस. त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष? पण ख्रिस्ती लेखनात पापी माणसाला ‘सैतानाचा बंदी’ म्हणू लागले. पुढे सैतान गळून पडला आणि नुसत्या बंदीलाच वाईटपणा चिकटला. चौदाव्या शतकात इटालियन कवी दान्तेच्या काव्यातल्या नरकात हा शब्द भेटतो तो कुठलीच बाजू न घेणाऱ्या भेकडांसाठी. आज इटलीत खराब हवा, घाण वास, व्रात्य पोर, सगळंच कात्तीव्हो. आपल्याकडची आजीही नातवाला ‘गुलाम कुठला!’ म्हणून दटावतेच की.

फ्रेंचांनी कैद्याचं मन नाही, शरीर पाहिलं. त्यांचा ‘शेतीफ’ म्हणजे किडकिडीत, मरतुकडा. खऱ्या कैद्यासाठी त्यांना लॅटिनमधून ‘काप्तीफ’ पुन्हा उचलून आणावा लागला. नॉर्मन लोकांबरोबर इंग्लंडात गेलेला ‘केटिफ’ तर थेट नीच ठरला. शेक्सपिअरच्या नाटकांत तो आहे, रोजच्या बोलण्यातून मात्र कधीच गेला.

स्पॅनिशमध्ये ‘काउतीवो’ आजही कैदीच आहे. माझा तर्क असा, की तिथे खरे कैदी लोकांच्या डोळ्यांसमोर होते. उत्तर आफ्रिकेचे चाचे माणसं पळवून नेत आणि ती सोडवून आणणं हेच काम असलेले धर्मसंघ स्पेनमध्ये होते. खुद्द ‘डॉन किहोते’चा लेखक सर्व्हान्तेस १५७५मध्ये चाच्यांच्या हाती लागला. अल्जिअर्समधून सुटायचे चार प्रयत्न फसले; अखेर १५८०मध्ये ट्रिनिटेरियन साधूंनी खंडणी भरून त्याला सोडवलं. ‘डॉन किहोते’च्या १६०५च्या पहिल्या भागात असाच एक काउतीवो आपली कहाणी सांगतो. ज्या घरातला मुलगा अल्जिअर्समध्ये अडकलाय, तिथे त्या शब्दाला ‘दुष्ट’ असा अर्थ कोण येऊ देईल?

त्याच भाषेत ‘काउतीवार’ हे क्रियापद मोहिनी घालण्यालाही चालतं. एखादी गायिका अख्खं सभागृह कैद करते आणि सुटकेसाठी कुणी धडपडत नाही.