'स्क्रीच' म्हणजे नेमका कोणता आवाज?

इंग्रजीत चिरक्या आवाजाला शब्दांची वाण नाही: श्रीक, स्क्वील, स्क्वीक, स्क्रीच. मराठीत अर्थ पाहायला जावे तर बऱ्याचदा चारहींपुढे 'किंचाळणे' किंवा 'चीत्कार' सापडतो, आणि वापरताना घोळ होतो. यांतला 'स्क्रीच' पक्का झाला की बाकीचे वेगळे काढता येतात.

अर्थाचा गाभा

हा शब्द आवाजाच्या नकलेतूनच घडला आहे. तो नाम म्हणूनही चालतो आणि क्रियापद म्हणूनही. आवाज उंच पट्टीतला हवा आणि खरखरीतही हवा, या दोन्ही अटी महत्त्वाच्या. बासरीचा वरचा सूर उंच असला तरी गोड असतो, म्हणून तो स्क्रीच नव्हे. नवशिक्याने व्हायोलिनवर गज दाबून ओढला, की जे ऐकू येते तो स्क्रीच.

गाडी आणि ब्रेक

मराठीत ब्रेक करकचून दाबतात. त्या वेळी टायरचा जो आवाज होतो, त्याला इंग्रजीत हाच शब्द आहे. टायरचे रबर रस्त्याला क्षणभर चिकटते, सुटते आणि पुन्हा चिकटते. हे सेकंदाला शेकडो वेळा घडले की रबर थरथरते आणि आवाज उठतो. फळ्यावर खडू करकरतो तोही असाच. माणसाचा कान साधारण २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तल्लख असतो, म्हणून त्या पट्ट्यातली करकर फार बोचते.

यातूनच 'कम टू अ स्क्रीचिंग हॉल्ट' हा वाक्प्रचार आला. चालते काम एकाएकी ठप्प झाले की तो वापरतात, मग तिथे चाके असोत वा नसोत.

घुबडाचे नाव

आपल्याकडेही दिसणारे गव्हाणी घुबड घुमत नाही, लांब खरखरीत चीत्कार करते. म्हणून ब्रिटनमध्ये त्याला 'स्क्रीच आउल' असेही म्हणत. अमेरिकेत मात्र हे नाव दुसऱ्याच लहान घुबडांना मिळाले. त्यांतले पूर्वेकडचे घुबड घोड्याच्या खिंकाळण्यासारखा थरथरता सूर काढते. नाव ऐकून कर्कश आवाजाची वाट पाहणारा तिथे फसतो.

विमानशास्त्रात

ध्वनीपेक्षा वेगवान जेट-झोतातून कधीकधी एकाच पट्टीतला तीव्र सूर निघतो. त्याला 'जेट स्क्रीच' हे शास्त्रीय नाव आहे. झोतात उठलेला आवाज उलटा नोझलच्या तोंडाशी येतो, तिथे झोत पुन्हा हलवतो आणि हे चक्र चालू राहते. ॲलन पॉवेल यांनी १९५३ मध्ये त्याचा उलगडा केला.

पेल्यातला स्क्रीच

कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमध्ये 'स्क्रीच' ही रम आहे. तिथला खारवलेला कॉड मासा कॅरिबियन बेटांवर जाई आणि तिकडची रम इकडे येई. आजही पाहुण्याला रमचा घोट देऊन कॉडचे चुंबन घ्यायला लावतात. या गमतीच्या विधीला 'स्क्रीच-इन' म्हणतात.

शेजारचे शब्द

• श्रीक: भीतीने, वेदनेने किंवा हर्षाने फुटलेली किंकाळी.
• स्क्वील: लांबलेला चिरका आवाज, डुकराचा, तसाच आनंदलेल्या मुलांचाही. बोलीत साथीदारांची नावे पोलिसांना सांगणे. ऑर्वेलच्या 'ॲनिमल फार्म'मधल्या (१९४५) एका डुकराचे नाव स्क्वीलर आहे.
• स्क्वीक: उंदराची चूंचूं, बिजागरीची कुरकुर, नव्या बुटांचा आवाज. 'अ नॅरो स्क्वीक' म्हणजे थोडक्यात बचावणे.

वापरताना

ब्रेकला किंवा पोपटाला 'स्क्रीच' लावले तर ते निव्वळ वर्णन असते. माणसाला लावले की त्यात नापसंती मिसळते. एखादी बाई घाबरून ओरडली, तर 'स्क्रीम्ड' लिहिल्याने घडले तेवढेच कळते. 'स्क्रीच्ड' लिहिले, तर लिहिणाऱ्याला तो आवाज नकोसा वाटला हेही वाचकाला कळते. बातमी लिहिणाऱ्याने म्हणून पहिलाच शब्द घ्यावा.