निवडुंगातली घरं

आमच्या गावाकडच्या घरी परसात एक लोखंडी नांगर पडून असायचा. बैल गेले, ट्रॅक्टर आला, तरी आजोबांनी तो भंगारवाल्याला दिला नाही. पावसाळ्यात त्याच्यावर गंजाचा ओला तांबडा थर चढायचा आणि बोट फिरवलं की खालची ओतीव अक्षरं हाताला लागायची: किर्लोस्कर. हे नांगर ओतणारी माणसं राहत कुठे असतील, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे. मिरज-पुणे गाडीनं जाताना किर्लोस्करवाडी स्टेशन आलं की मी अजूनही कारखान्याकडे बघत नाही. झाडांआडची कौलं शोधतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांची कथा मराठी वाचकाला नव्यानं सांगायला नको. बेळगावचं सायकलचं दुकान, कडबा कापायचं यंत्र, लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकऱ्यांनी बरीच वर्षं दूर ठेवलेला नांगर, हे सगळं शाळेच्या पुस्तकापासून कानावर आहे. मला त्यापुढची गोष्ट हवी होती. बेळगावच्या नगरपालिकेनं कारखान्याची जागा सोडायला लावली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन दिली आणि बिनव्याजी कर्जही दिलं. जमीन कसली, माळच तो. निवडुंग माजलेला आणि त्यात नागांची वस्ती. शंतनुराव किर्लोस्करांच्या इंग्रजी आत्मचरित्राच्या नावातच 'कॅक्टस' आहे, तो उगीच नाही.

१९१० साली या माळावर, म्हणजे आजच्या किर्लोस्करवाडीत, पंचवीसेक कामगार आपापली बायकापोरं घेऊन उतरले. कारखाना आणि वस्ती एकदमच उभी राहिली, आणि माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. त्या काळी गिरणी आधी उभी राहायची आणि माणसं मग जागा मिळेल तिथे कोंबली जायची. मुंबईच्या चाळी अशाच भरल्या. इथे मात्र लक्ष्मणरावांच्या डोळ्यांपुढे इंग्लंडमधल्या लीव्हरच्या आणि कॅडबरीच्या वसाहती होत्या, असं सांगितलं जातं. साबणवाल्या लीव्हरनं १८८८ पासून वसवलेल्या पोर्ट सनलाइटमधली नऊशेहून अधिक घरं आज तिथल्या सरकारच्या वारसा-यादीत आहेत. सॉल्टेअर हे तिथलंच गिरणीकामगारांचं गाव तर २००१ साली युनेस्कोच्या यादीत गेलं.

वाडीची घडी बसवली ती थोरल्या भावानं, रामूअण्णांनी. लक्ष्मणराव यंत्रांत बुडालेले, तर वस्तीची आखणी आणि रोजचा कारभार अण्णांच्या अंगावर. वसाहत म्हणजे नुसती घरं नव्हेत. पाणी कुठून येणार, सांडपाणी कुठे जाणार, दाणागोटा कुठे मिळणार, आजारी पोराला कोण बघणार, या प्रश्नांना रोज उठून उत्तर द्यावं लागतं. नांगराचा इतिहास लिहिणारे पुष्कळ झाले. गटार वेळेवर उपसून घेणाऱ्या माणसाचा इतिहास कुणी लिहीत नाही, आणि गाव मात्र त्याच्यामुळेच टिकतं. बाकीची माणसंही अशीच, पदव्यांच्या जोरावर न आलेली. शंभूराव जांभेकर फारसं न शिकता यंत्रज्ञ झाले, अनंतराव फळणीकर नापास झालेले विद्यार्थी, मंगेशराव रेगे हिशेबाला. पुढे १९२० मध्ये इथूनच शं. वा. किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केली. तिचं 'किर्लोस्कर' झालं, मागून 'स्त्री' आणि 'मनोहर' आले. माळावरच्या एका वस्तीतून निघणारं मासिक महाराष्ट्राच्या माजघरात पोचलं. पण त्याबद्दल इतरांनी भरपूर लिहिलं आहे.

वाडीची गोष्ट वाचता वाचता मी अडकलो ते दोन नावांपाशी. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. दोघेही शिक्षा भोगून आलेले, परिसरात धास्ती असलेले. लक्ष्मणरावांनी त्यांना वस्तीवर रखवालदार नेमलं.

यातलं धाडस समजायला त्या काळातला कायदा आठवावा लागतो. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ मध्ये आणखी विस्तारला गेला. जातीत जन्मलात म्हणून गुन्हेगार, असा तो न्याय. आमच्या भागात रामोशी, मांग, बेरड यांना हजेरी असायची. रात्री आपल्याच गावात आपण आहोत हे दाखवायला चावडीवर उभं राहायचं. शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये ही हजेरी बंद केली. तिकडे सोलापुरात याच कायद्याखाली तारेच्या कुंपणातली सेटलमेंट उभी राहिली. तिथले लोक गिरणीत राबायचे आणि संध्याकाळी कुंपणाआड परतायचे. म्हणायला तीही कामगारांचीच घरं. एकीकडे माणूस रात्री पळेल म्हणून तार ठोकलेली, दुसरीकडे ज्याला चोर ठरवलं त्याच्याच हाती रात्रभर अख्ख्या वस्तीची राखण. वस्तीत अस्पृश्यता पाळायची नाही, हेही लक्ष्मणरावांनी ठरवलं होतं. किर्लोस्करवाडीची थोरवी मला नांगरांपेक्षा इथे दिसते.

तरीही एक गोष्ट टोचत राहते. वाडीच्या त्याच गोष्टीत मालकाचा भाऊ 'रामूअण्णा' आहे, हिशेबनीस 'मंगेशराव' आहेत आणि पहारेकरी मात्र 'पिऱ्या'. पिराजी नाही, पिराजीराव तर नाहीच. आडनावाच्या जागी जात. ज्यांच्या भरवशावर ती घरं रात्री निवांत झोपली, त्यांच्या नावाला मान द्यायला सांगणारे विसरले. यापुढे मी तरी पिराजी असंच लिहीन.

१९४८ मध्ये गांधीहत्येनंतर उसळलेल्या जमावानं इथल्या कारखान्याला आग लावली. विश्वासावर उभ्या राहिलेल्या गावानं तोही दिवस पाहिला. कारखाना पुन्हा उभा राहिला.

कारखान्यांना आसरा देण्याची रीत औंधच्या राजांनी इतरत्रही चालवली. ओगले बंधूंचा काचकारखाना १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ सुरू झाला आणि प्रभाकर कंदिलाबरोबर 'ओगलेवाडी, औंध संस्थान' हा पत्ता घरोघर गेला. ती धुराडी थंड झाली, गावाला नाव उरलं. आज सातारा जिल्ह्यात वारसा म्हणून यादीत बसले आहेत ते महाबळेश्वर-पाचगणीचे बंगले, म्हणजे साहेबांची नि धनिकांची उन्हाळ्यातली घरं. ती जपावीतच. पण बारा महिने घाम गाळणाऱ्याच्या दोन खोल्या, पुढचा ओटा, मागचं परसदार यांनाही त्या यादीत जागा हवी. बंगल्याला नाव असतं, त्यामुळे तो पाडताना चार माणसं थबकतात. कामगाराच्या घराला फक्त नंबर असतो. कौलं उतरवून स्लॅब टाकायला एक उन्हाळा पुरतो.

आणि यादी करायचीच, तर आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरपर्यंत जावं. तोही औंधचाच मुलूख. १९३९ मध्ये मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या कल्पनेवरून बाळासाहेबांनी इथे भिंती नसलेला तुरुंग वसवला. शेजारच्या माडगूळच्या ग. दि. माडगूळकरांनी त्यावरून कथा लिहिली आणि १९५७ मध्ये व्ही. शांतारामांचा 'दो आँखें बारह हाथ' आला. किर्लोस्करवाडीत शिक्षा भोगलेल्या दोघांच्या हाती वस्ती सोपवली, त्यानंतर जवळपास तीस वर्षांनी त्याच संस्थानानं कैद्यांच्या हाती शेत सोपवलं. दोन्हींमध्ये कुणी कागदोपत्री धागा जोडला होता असं मी म्हणत नाही, पण माती एकाच राजाची होती.

चित्रपट सगळ्यांना ठाऊक आहे, गाव कमी जणांना. स्वतंत्रपूर अजून चालू आहे. शिक्षा भोगणारे तिथे बायकामुलांसह राहतात, सकाळी शेतावर जातात, संध्याकाळी घरी परततात. वस्तीला आजही भिंत नाही.