ग्राफिक्स कार्ड: खोक्यावरचा आकडा आणि आतला ऐवज

आपल्या घरांत हल्ली एक संवाद हमखास ऐकू येतो. ए-लेव्हलला गेलेली मुलगी किंवा मुलगा म्हणतो, "बाबा, तीनशे पौंडांचं ग्राफिक्स कार्ड हवंय." बाबा विचारतात, "आहे त्या कॉम्प्युटरला काय झालं?" चर्चा बहुधा तिथेच अडते, कारण खोक्यावरचे आकडे आईवडिलांना परके असतात. तेव्हा मध्यम किमतीची कार्डे पारखायची कशी, ते थोडक्यात पाहू.

लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणा. कार्डातले हजारो छोटे गणक म्हणजे वाढपी. कार्डाची स्वतःची मेमरी म्हणजे कोठीघर आणि मेमरीचा 'बस' म्हणजे कोठीचे दार. वाढपी पुष्कळ असले तरी दार अरुंद असेल तर पंगत खोळंबते. आणि जिन्नस कोठीत मावलेच नाहीत तर दर वेळी गल्लीपलीकडच्या गोदामात, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य मेमरीकडे, धावावे लागते.

आता खरे उदाहरण घेऊ. एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०६० फेब्रुवारी २०२१ मध्ये आले: ३५८४ गणक, १२ जीबी मेमरी, १९२ बिटांचे दार, सेकंदाला ३६० जीबी वाहतूक, १७० वॉट वीज, इथली जाहीर किंमत २९९ पौंड. जून २०२३ मध्ये त्याच्या जागी ४०६० आले: ३०७२ गणक, ८ जीबी, १२८ बिट, २७२ जीबी, ११५ वॉट, किंमत २८९ पौंड. नंबर हजाराने वाढला आणि मेमरी एक तृतीयांशाने घटली!

मग नवे कार्ड वाईट का? तसे नाही. त्यातले गणक अधिक वेगाने चालतात आणि चिपच्या पोटातच २४ एमबीचा कॅश आहे, म्हणजे वाढप्यांच्या हाताशीच एक मोठे फडताळ. त्यामुळे बहुतेक खेळांत ते जुन्याला मागे टाकते. वीजही कमी खाते. ५५ वॉटांचा फरक, रोज तीन तास खेळ, म्हणजे वर्षाला सुमारे ६० युनिटे; युनिटला पंचवीस पेन्स धरले तर पंधरा पौंड. पण काम ८ जीबीच्या बाहेर गेले की चित्र पालटते. ब्लेंडरमधला मोठा देखावा, किंवा घरच्या घरी चालवायचे एआय मॉडेल, अशा कामाला जुन्याचे १२ जीबीच उपयोगी पडतात.

नावावरही विसंबू नये. २०२२ च्या अखेरीस ३०६० ह्याच नावाने ८ जीबी आणि १२८ बिटांचे कार्डही बाजारात आले. उलट २०२३ च्या ४०६० टीआय मध्ये ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन आवृत्त्या निघाल्या. चिप तीच, मेमरी दुप्पट, अमेरिकेतली किंमत ३९९ ऐवजी ४९९ डॉलर. ते जादा शंभर डॉलर वेगाचे नसून कोठीघराचे होते.

आता किमतीकडे वळू. "अमेरिकेत किती स्वस्त!" ही आपली नेहमीची हळहळ. ४०६० तिथे २९९ डॉलरला जाहीर झाले, पण त्या आकड्यात विक्रीकर नसतो. आपल्या २८९ पौंडांत २० टक्के व्हॅट धरलेला आहे. तो वजा केला की उरतात सुमारे २४१ पौंड, आणि तेव्हाच्या दराने ते होतात तीनशेच्या आसपास डॉलर. म्हणजे फरक मुख्यतः कराचा.

पुण्याहून भाच्याचा फोन येतो, "मामा, येताना एक कार्ड आणाल का?" तिथे १८ टक्के जीएसटी लागतो हे खरे, पण प्रवाशांना मिळणारा व्हॅटचा परतावा ग्रेट ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२१ पासून बंद झाला आहे. शिवाय इथल्या दुकानाची हमी तिथे चालेलच असे नाही. हिशेब करूनच 'हो' म्हणा.

घेण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. काम कोणते? खेळापुरतेच असेल तर वेग पाहा. थ्री-डी किंवा एआय असेल तर आधी मेमरी पाहा. मॉनिटर केवढा? १०८० रेषांच्या पडद्यामागे महागडे कार्ड लावणे म्हणजे पैसा वाया. जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय पुरेल का? आणि कार्ड पेटीत मावेल का?

ऑनलाइन घेतलेली वस्तू मिळाल्यापासून चौदा दिवसांत विचार बदलल्याचे कळवता येते, आणि सदोष निघाली तर पहिल्या तीस दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागता येतात. हा आपला कायदेशीर हक्क आहे.

हे प्रश्न मुलांनाच सोडवायला द्या. दोन कार्डांचे आकडे कागदावर मांडून, "मला हेच का हवे" हे त्यांनी पटवून दिले, तर तीनशे पौंडांतला बराच भाग तिथेच वसूल झाला असे समजा.